गिरणगांवच्या चाकरमान्यांचे कागद व त्यांची भाषा

संशोधकांच्या दप्तरखान्यांत ज्या घराण्यांचे रुमाल नांदत आहेत तीं घराणीं बहुतकरून वतनदार, सरदार, सावकार, भिक्षुक अथवा कारकून यांचीं. ज्याचे घरीं जमीन किंवा अधिकार होता त्याचे घरीं कागद होता, आणि कागद होता म्हणून त्यास इतिहास मिळाला. नांगर धरणाऱ्या कुळाचें नांव या रुमालांत येतें तें बाकी, वेठ किंवा कज्जा या निमित्तानें, आणि तेंहि दुसऱ्याच्या हातचें. परंतु गेल्या दीडशें वर्षांत महाराष्ट्रांत एक असा समूह झाला कीं ज्यानें स्वतः कागद उत्पन्न केला व जपून ठेविला, आणि ज्याच्या कागदाकडे आमच्या संग्राहकांचें लक्ष अद्याप म्हणावें तसें गेलें नाहीं. हा समूह म्हणजे कोंकणांतून व घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत, गोदींत व रेल्वेंत पोट भरण्यास गेलेल्या शेतकऱ्यांचा. हे कागद कोणते, ते वाचावे कसे, आणि गांवचा माणूस शहरांत आल्यावर त्याच्या भाषेचें व ओळखीचें काय झालें यासंबंधीं त्यांवरून काय कळतें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम थोडें स्थलकालाविषयीं. कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंत कापडगिरणीची कंपनी १८५४ सालीं काढिली व ताडदेव येथें १८५६ त सूत निघूं लागलें. भोर घाटांतून आगगाडी पुण्याकडे १८६३ त सुरू झाली. दक्षिण कोंकणाचा मार्ग मात्र समुद्राचा. आगबोटी आठ महिने चालत व पावसाळ्यांत बंद पडत. १८८१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ७,७३,१९६ भरली, तींत आपला जन्म रत्नागिरी जिल्ह्यांत झाल्याचें सांगणारे सव्वा लाखांवर होते. १९२१ त तो आंकडा दोन लाखांच्याहि वर गेला. त्याच वर्षीं शहरांतील पांच माणसांत एकहि मुंबईंत जन्मलेला निघत नव्हता, आणि हजार पुरुषांमागें स्त्रिया सुमारें सव्वापांचशें होत्या. वाचकांनीं हा शेवटला आंकडा ध्यानांत ठेवावा. ज्या शहरांत अर्धे पुरुष बायकोवांचून राहतात त्या शहरांतून पत्रें जाणारच, आणि पुढें ज्या कागदांचें वर्णन करावयाचें त्यांचें मूळ कारण हेंच आहे.

मजूर गांव सोडतो तो शहराच्या ओढीनें सोडीत नाहीं, गांव त्यास ढकलून देतें, अशा अर्थाचा अभिप्राय १९३१ सालच्या मजूर कमिशनानें हिंदुस्थानांतील कारखान्यांच्या मजुरांविषयीं दिला आहे. रत्नागिरीसंबंधानें तो अक्षरशः खरा आहे. वरकस जमीन, खोताचा अर्धेलीचा हिस्सा आणि वाढतें कुटुंब, यांत एक भाऊ शेतावर राही व दुसरा बोटींत बसे. खोताचें देणें गिरणीच्या पगारांतून फिटे, म्हणजे शेत राखण्यासाठींच शेतकरी शेत सोडी. यामुळें तो शहरांत चाळीस वर्षे राहूनहि आपणांस गांवचाच समजे. गांव त्यास ‘मुंबईकर’ अथवा ‘चाकरमानी’ म्हणे. हीं दोन नांवें नीट पाहण्यासारखीं आहेत.

‘चाकर’ हा शब्द फारसी, आणि आपल्या दप्तरांत तो पदोपदीं येतो. दरबारच्या पदरीं वेतन घेऊन राहणारा तो चाकर, मग तो शिपाई असो कीं कारकून. शेतीच्या उत्पन्नावर न जगतां दुसऱ्याच्या वेतनावर जगणें हा त्यांतील मुद्याचा अर्थ, आणि कोंकणानें तो गिरणीकामगारास लाविला तेव्हां त्यांत कमीपणा नव्हता, उलट घरांत रोकड आणणारा म्हणून मान होता. पुढें काळ फिरला. ‘चाकर’ शब्दांतील नोकरपणाच कानास बोंचूं लागला, व २०२५ च्या गणेशोत्सवापूर्वीं शासकीय लिखाणांत ‘चाकरमानी’ हें नांव न वापरतां ‘कोकणवासीय’ लिहावें असा निर्देश उपमुख्यमंत्र्यांनीं दिला. भावना आम्ही समजूं शकतों, परंतु शब्दाच्या इतिहासाच्या दृष्टीनें ही अदलाबदल बरोबर बसत नाहीं. कोंकणवासीय म्हणजे कोंकणांत राहणारा, आणि चाकरमानी म्हणजे नेमका तो कीं जो कोंकणांत राहत नाहीं व तरीहि तेथला आहे. हा दुहेरीपणा दाखविणारा दुसरा शब्द मराठींत आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

दुसरें नांव ‘घाटी’. सह्याद्रीच्या वरच्या अंगाचा तो घाटी. सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांत आपल्या घरीं बसलेल्या कुणब्यानें स्वतःस घाटी म्हणवून घेण्याचें कारणच नव्हतें. तो अमक्या गांवचा, अमक्या भावकीचा. मुंबईंत एका साच्यापाशीं कोंकणी व शेजारच्या साच्यापाशीं घाटावरचा असे दोघे उभे राहिले तेव्हां हा शब्द लागला. पुढें परभाषी लोकांनीं तो एकंदर मराठी मजुरास लाविला व त्यास शिवीचें रूप आलें. म्हणजे ज्या नांवानें माणूस ओळखला जातो तें त्याचें गांवचें नांव नसून स्थलांतराचें नांव असतें.

हा प्रकार मुंबईपुरताच आहे असें मात्र नाहीं. आमच्या वाचकांस अधिक परिचित असें उदाहरण पुण्याचें आहे. बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचे. १७१३ त त्यांस पेशवाई मिळाली व पुढें दोन पिढ्यांत कोंकणांतील शेंकडों चित्पावन कुटुंबें पुण्यास येऊन राहिलीं. ‘कोंकणस्थ’ हें नांव चिपळूणच्या खाडीवर राहणाऱ्यास निरुपयोगी आहे. तें देशावर येऊन राहिलेल्यासच लागतें, आणि त्यास पाहून इतरांस ‘देशस्थ’ हें नांव जवळचें वाटूं लागतें. या कुटुंबांची घरगुती बोली चित्पावनी. ती गोमंतकांत व कर्नाटकाच्या किनाऱ्यावर कांहीं घरांतून अजून बोलली जाते, म्हणून तिचें स्वरूप आपणांस ठाऊक आहे. आतां पेशवेकालीन पत्रव्यवहार चाळून पाहावा. सहस्रावधि पत्रें चित्पावनांच्या हातचीं, परंतु त्यांत चित्पावनी बोली जवळजवळ नाहीं. मायना, मजकूर, शेवट, सर्व दप्तरी मराठींत. कागदांवरूनच निर्णय करणारा संशोधक असें म्हणेल कीं ही बोली पुण्यांत कधीं आलीच नाहीं. तें खरें मानणें अशक्य आहे. ती आली, माजघरांत बोलली गेली व कांहीं पिढ्यांत निमाली, आणि दप्तरास तिचा पत्ता लागला नाहीं. कागदांत नाहीं म्हणून तोंडांत नव्हती, असें अनुमान करूं नये, हा नियम येथून घेऊन आपण गिरणगांवाकडे वळूं.

गिरणीकामगाराचें पत्र हें अनेक हातांचें काम असे. लिहितां न येणारा मनुष्य पत्र लिहून घेई तें खोलींतील एखाद्या चार यत्ता शिकलेल्या गांवकऱ्याकडून किंवा टपालकचेरीबाहेर बसणाऱ्या लेखकाकडून. गांवीं तें वाचून दाखवी शाळामास्तर, नाहींतर पोस्टमन. दोन्ही टोंकांस तिसरा माणूस, त्यामुळें पत्रांत खाजगी असें थोडें. शिवाय बायकोच्या नांवें पत्र पाठविण्याची चाल नव्हती. पत्र बापास किंवा वडील भावास, आणि त्याच्या शेवटीं ‘मंडळीस सांगणें’ अशी एक ओळ. त्या एका ओळींत सारा संसार. तिचा नमुना दाखविण्यासाठीं पुढील पांच वाक्यें आम्हीं रचिलीं आहेत. तीं कोणा एकाच्या पत्रांतून घेतलेलीं नाहींत.

‘तीर्थरूप वडिलांचे सेवेसी बालकाचा साष्टांग नमस्कार विनंति विशेष. येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत असावें. रुपये दहा मनीआर्डर केले ते पावले किंवा कसें तें कळविणें, पैकीं चार खोतास द्यावे. चालू महिनीं खाडे पडले सबब पगार कमी भेटला. तरवा लावावयाचे आधीं कवळ तोडून ठेवणें व मंडळीस सांगणें कीं पोराची काळजी घ्यावी, आम्हीं शिमग्यास येतों.’

मायना व क्षेमसमाचार हे थेट जुन्या लेखनपद्धतींतले. मोडी शिकविणारे पंतोजी जें पत्रलेखन घोकून घेत तेंच मराठी शाळेंतून खालीं झिरपलें आणि हेमाडपंताच्या नांवावर चालत आलेल्या मेस्तकाच्या परंपरेचा वारसा एका साचेवाल्याच्या दहा रुपयांपर्यंत येऊन पोंचला. ‘पावले’, ‘पैकीं’, ‘सबब’ हे शब्द कचेरीचे. ‘मनीआर्डर’ आगगाडीच्या युगाचा. टपालखात्यानें मनीऑर्डरचें काम १८८० त हातीं घेतलें, आणि त्यानंतर रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरीवर जगतो ही म्हणच पडली. ‘तरवा’ व ‘कवळ’ हे शेताचे शब्द. तरवा म्हणजे लावणीचें भाताचें रोप, व कवळ म्हणजे राब भाजण्यासाठीं झाडावरून छाटलेला पाला. लेखक कितीहि शिकलेला असो, हे शब्द त्यास बदलतां येत नाहींत, कारण दुसरे शब्दच नाहींत. आमचा अनुभव असा कीं बोली शोधावयाची ती क्रियापदांत शोधूं नये, तेथें लेखणारा ती दुरुस्त करून टाकतो. शेत, भांडें, नातें, देवस्कीचें काम व आजार यांच्या नांवांत ती उरते. घरचा माणूस ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’, ‘इलो’ म्हणणारा मालवणकडील आहे कीं ‘कुटं’, ‘हितं’, ‘न्हाय’ म्हणणारा साताऱ्याकडील आहे हें पत्राच्या व्याकरणावरून कळणार नाहीं, परंतु शेताच्या तुकड्यास तो ‘कुणगा’ लिहितो एवढ्यावरून तो दक्षिण कोंकणाचा हें सांगतां येतें.

आतां वरच्या नमुन्यांतील ‘पगार कमी भेटला’ हे शब्द पाहा. हे ना दप्तरचे, ना शेताचे. देशावरील मराठींत माणूस भेटतो व पैसा मिळतो. हिंदींत ‘मिलना’ व गुजरातींत ‘मळवुं’ हें एकच क्रियापद दोन्ही अर्थांस पुरतें. पारशी व भाटिये मालक, गुजराती कारकून, मदनपुऱ्यांतील उत्तर हिंदुस्थानी विणकर आणि तेलंगणांतून आलेले पद्मशाली, या सर्वांत राहून मराठी मजुराच्या ‘भेटणें’ या क्रियापदानें ‘मिळणें’ चें काम आपल्याकडे घेतलें असावें, असें आम्हांस वाटतें. ‘तो म्हणाला’ ऐवजीं ‘तो बोलला’ हेंहि त्याच जातीचें. पुण्याच्या शिष्टांनीं या प्रयोगांची पुष्कळ थट्टा केली आहे. आम्ही ती करणार नाहीं. सातारी व मालवणी या दोघांनाहि जें आपलें वाटेल असें एक मधलें रूप शहरानें घडविलें, आणि तें घडतांना शेजाऱ्याकडून उसनें घेतलें, यांत नवल कसलें? फारसीकडून आपल्या दप्तरानें याहून कितीतरी अधिक घेतलें आहे.

खात्यांतील शब्द तर स्वतंत्र कोशाचा विषय आहे. सूत काढणाऱ्या खात्यास ‘त्रासन’ म्हणत. हें ‘थ्रॉसल’ या इंग्रजी यंत्रनामाचें रूप. माग चालविणारा ‘साचेवाला’. आपल्या मराठींत साचा म्हणजे ओतकामाचा आकार, परंतु गुजरातींत ‘सांचो’ म्हणजे यंत्र, व गिरणींतील अर्थ तिकडूनच आला असावा. उलट ‘धोटा’, ‘कांडी’, ‘ताणा’ हे शब्द कोष्ट्यासाळ्यांच्या हातमागावरून आले व वाफेच्या मागावर तसेच चढले. स्त्रियांच्या खात्यांत त्यांच्यावर देखरेख करणारी ती ‘नायकीण’. मालकाच्या वतीनें माणसें भरणारा ‘जॉबर’, आणि तो बहुधा आपल्या गांवचीं माणसें भरी. यास्तव एकेका खात्याची बोलीच एकेका तालुक्याची होऊन बसे. रोजच्या कामावर कायम नसलेला तो ‘बदलीवाला’. ‘खाडा’, ‘भोंगा’, ‘रातपाळी’, ‘हजेरी’ यांविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं, ते आतां सर्वांच्या तोंडीं आहेत.

धोट्यासंबंधीं मात्र एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. कांडी संपली म्हणजे नवीन कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रांतून तोंडानें ओढून घ्यावा लागे. एकाच धोट्यास अनेकांचें तोंड लागणार म्हणून सवर्ण विणकरांनीं अस्पृश्य मानलेल्या जातींस विणखात्यांत येऊं दिलें नाहीं. त्या खात्यांत पगार अधिक होता. महार कामगार त्रासनखात्यांत अडकून राहिले. १९२८ च्या सार्वत्रिक संपांत डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न उघडपणें पुढें मांडिला. शहरांत आलें म्हणजे गांवची ओळख पुसली जाते, असें जे म्हणतात त्यांनीं खात्यांच्या हजेरीपटांवरील नांवें तपासावीं. एकाच रत्नागिरी जिल्ह्याचे, एकच बोली बोलणारे दोन कामगार एका भिंतीच्या दोन बाजूंस उभे होते. भाषा एक असून ओळख दोन, हेंहि शहरानें टिकवून धरिलें.

नांवांचा प्रश्न याहून किचकट आहे. गांवांत मनुष्य स्वतःच्या व बापाच्या नांवानें ओळखला जाई आणि आडनांवाची गरज कज्जेदलालींत सुद्धां क्वचितच पडे. गिरणीच्या पटास मात्र तीन पदांचें नांव पाहिजे, तेंहि इंग्रजी अक्षरांत. कारकुनाच्या कानास जें लागलें तें त्यानें लिहिलें. कोणास जातीचें नांव आडनांव म्हणून मिळालें, कोणास गांवाचें नांव ‘कर’ जोडून मिळालें, आणि सख्ख्या भावांचीं आडनांवें दोन गिरण्यांत दोन झालीं. सातबाऱ्यावर एक, पासावर दुसरें व शिधापत्रिकेवर तिसरें. जुन्या काळीं हा केवळ कुतूहलाचा विषय होता. आतां तो घराचा प्रश्न झाला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार होते. गिरण्या पुढें एकामागून एक बंद पडल्या, आणि गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांस घरें देण्याची योजना आली तेव्हां १ जानेवारी १९८२ रोजीं वा त्यानंतर पटावर असल्याचा पुरावा मागण्यांत आला. ज्याच्या ट्रंकेंत गिरणीचें तिकीट, पास किंवा पगारपत्रक निघालें त्याचा दावा उभा राहिला. ज्याचें नांव कारकुनाच्या कानानें बदललें होतें त्यास तोच मी, हें सिद्ध करीत बसावें लागलें. अस्सल कागदाचें मोल आम्हां संग्राहकांस कोणी शिकवावयास नको, परंतु येथें तें मोल मालकाच्या पोटाशीं बांधलेलें आहे. असा कागद संग्रहासाठीं मागून नेऊं नये. नक्कल घ्यावी व अस्सल त्याच्याच हातीं परत द्यावा.

पत्रांखालोखाल महत्त्वाच्या म्हणजे गांवमंडळांच्या वह्या. लालबाग, परळ, नायगांव, वरळी या भागांत एकेका गांवाची खोली असे. तींत वीसतीस माणसें पाळीपाळीनें निजत, सामान खुंटीस, व जेवण एखाद्या बाईच्या खाणावळींत. या खोलीची वर्गणी, गांवच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची कौलें, मयतास मदत, भांडणाचा निवाडा, हें सर्व वहींत लिहिलें जाई. जुन्या गोतसभेचे महजर ज्यांनीं वाचले आहेत त्यांस या वह्या वाचतांना ओळखीचें वाटेल. तेथेंहि समस्त गांव बसून निर्णय करी, येथेंहि करतें. फरक भाषेचा. महजरांत ‘समस्त दाहीजण बैसोन’ अशा धर्तीची भाषा येते. वहींत ‘ठराव’, ‘सूचक’, ‘अनुमोदक’ आणि ‘सर्वानुमतें’. ही परिभाषा वर्तमानपत्रांतून व सभांतून आली. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ त कामगारांच्या सभा भरवून, रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति व वेळेवर पगार या मागण्यांच्या अर्जावर साडेपांच हजार कामगारांच्या सह्या घेतल्या. १८९० त रविवारची सुटी मिळाली. त्यांचें पत्र ‘दीनबंधु’. सभेंत बोलण्याची व ठराव लिहिण्याची मराठी जर कामगारानें कोठें ऐकिली असेल तर ती अशा ठिकाणीं. मंडळाच्या वहींत मग असें दिसतें कीं पहिल्या वाक्यांत ‘सभेस सुरुवात करण्यांत आली’ आणि चौथ्या वाक्यांत वाद पेटला कीं बोली उसळून वर येते. लिहिणाराला घाई झाली म्हणजे तो दुरुस्ती विसरतो. अभ्यासकाचें सोनें तेथें आहे.

गोमंतकीयांच्या ‘कूड’ नांवाच्या खोल्यांविषयीं येथें थोडक्यांतच लिहितों, कारण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. धोबीतलाव व माझगांव भागांत एकेका गोव्याच्या गांवाची एक, अशा शेंकडों कुडी होत्या. खलाशी, आचारी, वाजंत्री तेथें उतरत. त्यांच्या देशीं राज्यभाषा पोर्तुगीज, देवळांत लॅटिन, आणि घरची कोंकणी ही कागदावर न येणारी. ती कागदावर आली ती परमुलखांत. रोमी लिपींतील कोंकणीचें पहिलें नियतकालिक ‘उदेंतेचें साळक’ १८८९ त पुण्यास निघालें, आणि पहिला तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजीं मुंबईस झाला. घरीं असतांना जी नुसती बोली होती ती दूर गेल्यावर भाषा झाली.

मालवणीसहि असाच पण उशीरा योग आला. मुंबईंत मालवणी बोलणारा परक्यासमोर जीभ सांवरून बोले. परळच्या दामोदर नाट्यगृहांत, जें १९२२ त बांधलें गेलें, गांवोगांवच्या मंडळांचे दशावतार, नमन व शक्तितुरे होत. ते मात्र आपल्याआपल्यांत. १९८० त गंगाराम गवाणकरांचें ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आलें व जी बोली लपवावयाची तीच ऐकण्यासाठीं परजिल्ह्यांतले प्रेक्षक तिकीट काढूं लागले. शक्तितुऱ्याच्या हस्तलिखित वह्यांविषयीं आमची एक सूचना आहे. या वह्या गुरूकडून शिष्याकडे जातात व दुसऱ्या पक्षास दाखविल्या जात नाहींत, म्हणून ग्रंथालयांत त्या फारशा पोंचल्या नाहींत. त्यांत गणपतीचें स्तवन संस्कृतप्रचुर मराठींत, सवाल पुराणांतील, आणि मध्येंच गिरणीचा भोंगा व बोटीचें तिकीट. कवनें नकलून घ्यावयाचीं असल्यास त्या पक्षाच्या शाहिराची परवानगी घेऊनच घ्यावीं.

घाटावरून आलेल्यांचा वाटा येथें तमाशा व पोवाडा यांचा. वाटेगांवाहून लहानपणीं मुंबईस आलेल्या अण्णाभाऊ साठ्यांनीं अमर शेख व गवाणकर यांच्यासह १९४४ त लाल बावटा कलापथक उभें केलें. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत, म्हणजे १९५६ ते १९६० या वर्षांत, कोंकणी व घाटी या दोन्ही चाळींतला माणूस एकाच मोर्च्यांत ‘मराठी’ म्हणून चालला. वर आम्हीं म्हटलें कीं गांवांत तो अमक्या गांवचा होता, शहरांत प्रथम कोंकणी अथवा घाटी झाला. ‘मराठी’ ही त्यानंतरची पायरी, आणि तीहि त्यानें शहरांतच चढली. १ मे १९६० रोजीं जें राज्य झालें त्याच्या पाठीमागें गिरणगांवची ही नवी ओळख होती, असें आमचें मत आहे.

सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ त निघाला. त्यांत कुणबी, आगरी, संगमेश्वरी, बाणकोटी, घाटी इत्यादि बोलींचे नमुने आहेत. सर्वेक्षणानें प्रत्येक बोलींत एकच गोष्ट भाषांतरून घेतली, ती बायबलांतील उधळ्या मुलाची. घर सोडून दूर देशीं गेलेला, हाल सोसलेला व परत बापाकडे आलेला मुलगा! त्याच काळीं तीच कथा जगणारे दीडदोन लाख लोक मुंबईंत होते, परंतु नमुने घेतले ते गांवच्या मुक्कामीं. चाळींत जाऊन तेथें बोली कशी बदलते हें कोणी टिपून ठेविलें नाहीं. त्यामुळें त्या पिढीच्या शहरी बोलीस साक्ष राहिली ती याच पत्रांची व वह्यांची.

या साक्षीस आतां फार दिवस नाहींत. १९२० नंतर बांधलेल्या बी. डी. डी. चाळी पाडून नव्या इमारती उठत आहेत, व वरळी येथील पहिल्या घरांच्या किल्ल्या २०२५ त देण्यांत आल्या. नवें घर मिळालें ही आनंदाची गोष्ट होय. परंतु घर बदलतांना पोटमाळ्यावरील ट्रंक उघडते, मुलगा पासबुक व तिकीट बाजूस काढितो आणि उरलेला गठ्ठा रद्दींत जातो. त्या गठ्ठ्यांत आजोबांचीं पत्रें असतात. गांवाकडेहि कौलारू घर पाडून सिमेंटचें बांधतांना हेंच होतें, आणि पत्राचें उत्तर ज्या टोंकास असावयाचें तें टोंक नाहींसें होतें.

असा संग्रह हातीं आल्यास आमच्या वाचकांनीं कांहीं पथ्यें पाळावीं. पाकीट व पत्र वेगळें करूं नये. टपालाचा शिक्का हीच पुष्कळदां एकमेव तारीख असते, कारण आंत ‘शिमग्यानंतर आठवे दिवशीं’ एवढेंच लिहिलेलें असतें. मनीऑर्डरच्या कुपनाची खालची चिठोरी लहान म्हणून टाकूं नये, तिच्यावर जागा बेताची असल्यामुळें मायना गाळलेला असतो व माणूस सरळ बोलतो. अक्षर कोणाचें, सही कोणाची, अंगठा कोणाचा, हें तीन रकान्यांत निरनिराळें लिहावें. शुद्धलेखन सुधारून नक्कल करूं नये. खाजगी दुःखाचा मजकूर असल्यास घरच्यांच्या संमतीवांचून छापूं नये. आणि शक्य असेल तर घरांतील वडील माणसाकडून तें पत्र मोठ्यानें वाचवून घ्यावें. कागदावर ‘आहे’ असतां तो ‘आसा’ म्हणेल, ‘कोठें’ असतां ‘कुटं’ म्हणेल. तेथें थांबवूं नये, समासांत शिसपेन्सिलीनें बारीक खूण करून पुढें ऐकत राहावें.